ब्लूबेरी टिश्यू कल्चर: कोंब हिरवे राहतात पण पुढे सरकत नाहीत, काय बदलावं?

रानवाट:
नमस्कार मंडळी. आमची लहानशी टिश्यू कल्चर लॅब आहे, म्हणजे बाटलीत निर्जंतुक खुराकावर रोपं वाढवणारी. केळी आणि जरबेराचं काम सुरळीत चालू आहे, आता ब्लूबेरी हाती घेतली आहे. हायबुशच्या (उंच झुडपाच्या ब्लूबेरीच्या) दोन जाती आहेत. नोडचे (पेराच्या सांध्याचे) तुकडे एमएस मिडियावर (मुराशिगे-स्कूग या नेहमीच्या खुराकावर) लावले, सोबत बीएपी हा फुटवे आणणारा हार्मोन, पीएच 5.8, म्हणजे आमचं नेहमीचंच गणित. बगलेतली कळी फुटते, दोन-तीन पानं येतात आणि तिथेच गाडी अडते. पानं लालसर पडतात, बुडाशी पांढरट कॅलसचा (आकार नसलेल्या पेशींचा) गोळा धरतो, पण नवीन फुटवे शून्य. बीएपी वाढवून पाहिलं तर फक्त गोळा मोठा झाला.
हे काम प्रत्यक्ष केलेलं कोणी इथे आहे का? पेपर बरेच वाचले, पण प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. आधी काय बदलू, मिडिया, हार्मोन की पीएच?

अगारभाऊ:
तिन्ही बदला. आणि एकेक करून नाही, एकदमच बदला, कारण तिन्हींचं मूळ एकच आहे. ब्लूबेरी एरिकेसी कुळातली. ऱ्होडोडेंड्रॉन आणि क्रॅनबेरी तिचे भाऊबंद. ही सगळी मंडळी आम्ल, निकस जमिनीत वाढलेली. तिथे नायट्रोजन मुख्यतः अमोनियमच्या रूपात मिळतो, त्यामुळे नायट्रेट पचवायची त्यांची ताकद मुळातच कमी. शेतात 4.5 ते 5.5 पीएच मागणारं झाड बाटलीत गेलं म्हणून स्वभाव थोडाच बदलणार!
एमएस 1962 चा, तंबाखूच्या पेशींसाठी बनवलेला. लिटरला 1650 मिग्रॅ अमोनियम नायट्रेट आणि वर 1900 मिग्रॅ पोटॅशियम नायट्रेट. ब्लूबेरीला एवढं जेवण झेपत नाही. 1980 मध्ये लॉइड आणि मॅककाउन यांनी वुडी प्लांट मिडियम, म्हणजे आपलं डब्ल्यूपीएम, तयार केलं ते काल्मिया या झुडपासाठी, आणि काल्मिया एरिकेसीतलीच. त्यात अमोनियम नायट्रेट 400 मिग्रॅ, पोटॅशियम नायट्रेट अजिबात नाही. पोटॅशियम सल्फेटमधून येतं, बाकीचं नायट्रेट कॅल्शियम नायट्रेटमधून. एकूण नायट्रोजन एमएसच्या साधारण चौथा हिस्सा, क्लोराइडही बरंच कमी. लालसर पानं आणि बुडाचा गोळा ही क्षारांचा आणि चुकीच्या हार्मोनचा ताण असल्याची लक्षणं वाटतात.
पीएच 5.0 ते 5.2 ठेवा. त्याच्या फार खाली गेलात तर ऑटोक्लेव्हनंतर (वाफेने निर्जंतुक केल्यावर) मिडिया घट्ट करणारं अगार नीट धरत नाही, दह्यासारखं लिबलिबीत राहतं. तेव्हा अगार थोडं वाढवावं लागतं.
हार्मोनबद्दल कोणीतरी सविस्तर लिहा, माझी बोटं दुखली.

झिएटिनप्रेमी:
घ्या, लिहिते. आयडीवरून पक्षपात कळला असेलच. 😄
बीएपी बहुतेक पिकांत चालतं, व्हॅक्सिनियममध्ये, म्हणजे ब्लूबेरीच्या वंशात, मात्र अगदीच मठ्ठ. इथे दोनच नावं घ्यायची, टू-आयपी आणि झिएटिन, दोन्ही बीएपीच्याच गटातले (सायटोकायनिन) हार्मोन. टू-आयपी जुनं आणि स्वस्त, पण डोस मोठा लागतो. जातीनुसार लिटरला 5 ते 15 मिग्रॅ. झिएटिन 1 ते 4 मिग्रॅमध्ये काम करतं आणि माझ्या हाताखालच्या बहुतेक जातींत त्याचे फुटवे जास्त आणि दणकट आले. दुखणं एकच, ते महाग आहे, आणि टू-आयपीपेक्षा कैक पटींनी.
माझी पद्धत अशी की सुरुवात झिएटिनवर करायची. नवीन एक्सप्लांटला (झाडावरून घेतलेल्या तुकड्याला) झोपेतून उठवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. कल्चर एकदा स्थिर झालं, म्हणजे प्रत्येक सबकल्चरला (कोंब कापून ताज्या मिडियावर हलवल्यावर) सारखी वाढ दिसू लागली, की टू-आयपीवर उतरवून बघायचं. काही जाती निमूट उतरतात, काही रुसून बसतात. रुसणाऱ्यांना झिएटिनवरच ठेवायचं आणि तो खर्च रोपाच्या हिशेबात धरायचा.
झिएटिन पाण्यात सरळ विरघळत नाही. आधी एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे चार थेंब, मग पाणी. मिडिया ऑटोक्लेव्ह करून हाताला सोसवेल इतपत, साधारण 50 अंशांवर आला की 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून त्यात सोडायचं.
टीडीझेड या आणखी एका सायटोकायनिनच्या मोहात पडू नका. पानाच्या तुकड्यांतून नवीन कोंब काढायचे असतील तर ते उत्तम, पण रोजच्या मल्टिप्लिकेशनमध्ये (कोंबांची संख्या वाढवताना) खुजे, चिकटलेले झुबके देतं. नंतर त्यांना लांब करता करता जीव जातो.

रानवाट:
अगारभाऊ, ताई, मनापासून आभार. म्हणजे आमचा केळीचा प्रोटोकॉल उचलून इथे ठेवणं मुळातच चाललं नसतं.
ताई, एक शंका. "स्थिर व्हायला" किती वेळ लागतो? केळीत दोन-तीन सबकल्चरमध्ये चित्र स्पष्ट होतं.

झिएटिनप्रेमी:
इथे महिने धरा. पहिले कोंब बारीक, पानं नखाएवढी. ती बघून घाबरू नका, बाटलीतलं ब्लूबेरी असंच बालिश दिसतं. सबकल्चरचा फेराही केळीसारखा तीन-चार आठवड्यांचा नाही, सहा ते आठ आठवड्यांचा. घाई करून लहान कोंब कापले तर पुढचा फेरा आणखी मंदावतो.
एक छोटी युक्ती. कोंब उभा खोचण्याऐवजी मिडियावर आडवा निजवा, थोडासा दाबून. शेंड्याचा दाब सुटतो आणि ओळीने बगलेतल्या कळ्या जाग्या होतात. आठ नोडच्या कोंबावर कंगव्यासारखी रांग उभी राहिलेली बघायला फार गंमत वाटते.

शेतमळा:
लॅबवाल्यांचा राग नका मानू, पण एवढा खटाटोप कशासाठी? ब्लूबेरीचं सॉफ्टवूड कटिंग मिस्टखाली सहा-आठ आठवड्यांत मुळं धरतं. मी वर्षानुवर्षं तेच करतोय. झिएटिन नको, लॅमिनार (निर्जंतुक हवेचं टेबल) नको. हार्डवूड कटिंगही लागतं, जरा नखरे करतं एवढंच.

अगारभाऊ:
शेतमळाकाका, राग कसला, प्रश्न रास्तच आहे. तुमच्याकडे भरपूर मदर प्लांट (तुकडे घ्यायची मूळ झाडं) असतील आणि काही हजार रोपंच हवी असतील तर कटिंगच करा. टिश्यू कल्चर लागतं ते दोन वेळी. नवीन जातीची हातात मोजकीच झाडं आहेत आणि रोपं मात्र लाखांत हवीत, ही पहिली वेळ. तपासलेल्या एका निरोगी झाडापासून पुढचा सगळा साठा उभा करायचा आहे, ही दुसरी.
कागदावरचा हिशेब बघा. एका कोंबाचे आठ आठवड्यांत चार झाले, तर 48 आठवड्यांत सहा फेरे आणि 4096 कोंब. प्रत्यक्षात असं कधीच होत नाही. बुरशी, काचाळलेले (काचेसारखे पाणथळ झालेले) कोंब, रविवारी बंद पडलेला एसी, सगळे आपापला वाटा उचलतात. तरी निम्मे हाती लागले तरी कटिंगला तो वेग गाठता येत नाही, आणि ऋतूची वाट बघावी लागत नाही.

शेतमळा:
पटलं. पण एक निरीक्षण सांगतो. लॅबची रोपं बुडातून फार फुटतात. कटिंगच्या रोपाला दोन-तीन सोट येतात, लॅबच्या रोपाचा झुडपा होतो. हाताने तोडणी असेल तर चांगलंच, झाड लवकर भरतं. पण यंत्राने तोडायचं असेल तर बूड अरुंद हवं, नाहीतर फळ खाली सांडतं. सुरुवातीला छाटणीत मेहनत पडते. हे कोणी रोप विकताना सांगत नाही.

झिएटिनप्रेमी:
काका, बरोबर. बाटलीतल्या सायटोकायनिनमुळे आणि त्या बालिश अवस्थेमुळे बुडाच्या कळ्या जास्त जाग्या होतात, हे माहीत असलेलं वैशिष्ट्य आहे. लोबुशमध्ये (बुटक्या ब्लूबेरीत) तर याचा फायदा घेतात. ती जात जमिनीखालच्या रायझोमने (आडव्या खोडाने) पसरते आणि टिश्यू कल्चरची रोपं कटिंगपेक्षा लवकर पसरतात.

निळाई:
अवांतर, पण राहवत नाही. ब्लूबेरीला आम्ल माती लागते हे अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या फ्रेडरिक कोव्हिल यांनी प्रयोगांतून दाखवून दिलं, त्यांची पुस्तिका 1910 ची. त्याआधी लोक तिला चांगल्या सुपीक बागेच्या मातीत लावायचे आणि ती मरायची. मग न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉगच्या एलिझाबेथ व्हाइट त्यांच्याबरोबर आल्या. रानात फळं तोडणाऱ्यांना त्या मोठ्या फळांची झुडपं शोधून आणायला पैसे द्यायच्या. लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं 1916 साली. तेव्हा रानातून निवडलेली 'रुबेल' आजही लावली जाते. म्हणजे एकच झाड शंभराहून जास्त वर्षं तुकड्यातुकड्यांनी जिवंत आहे. बियांपासून ते शक्यच नव्हतं, हायबुश टेट्राप्लॉइड (गुणसूत्रांचे चार संच असलेली), बी पेरलं की प्रत्येक रोप वेगळं.
चालू द्या तुमचं.

पेट्रीबाई:
निळाई, असं अवांतर रोज चालेल.
मूळ विषयावर. रानवाट, तुम्ही कंटॅमिनेशनबद्दल (बुरशी-जिवाणूंच्या शिरकावाबद्दल) काहीच लिहिलं नाही, म्हणजे एक तर तुम्ही फार नशीबवान आहात किंवा ते अजून वर आलेलं नाही. वृक्षवर्गीय झाडांत खरा त्रास आतल्या जिवाणूंचा असतो. पृष्ठभाग कितीही धुवा, ते आत लपलेले. दोन-तीन सबकल्चर स्वच्छ दिसतात आणि मग एके दिवशी बुडाभोवती मिडियात दुधाळ वलय दिसतं. बाटली प्रकाशासमोर धरून खालून बघायची सवय लावा, वरून दिसत नाही. संशय आला तर बुडाचा तुकडा न्यूट्रिएंट अगारवर (जिवाणू वाढवणाऱ्या मिडियावर) ठेवून बघायचा. हे काम सुरुवातीलाच करावं, हजार बाटल्या झाल्यावर नव्हे.

रानवाट:
अजून वर आलेलं नसावं असंच वाटायला लागलंय आता. 😬 आमचं निर्जंतुकीकरण मर्क्युरिक क्लोराइडने होतं.

पेट्रीबाई:
ते सोडा, अगदी आजच. पारा आहे तो. काम करणाऱ्यालाही घातक आणि सांडपाण्यातही. वर कोंब भाजतो तो वेगळाच.
त्यापेक्षा एक्सप्लांटच स्वच्छ जागेतून घ्या. मदर प्लांट आडोशाखाली, ग्रीनहाउसमध्ये ठेवा, पानांवर पाणी पडू देऊ नका, नवीन जोमदार फूट येऊ द्या आणि तीच घ्या, अर्धवट पक्व झालेली. फार कोवळा शेंडा ब्लीचमध्ये पांढराफटक होतो. जुन्या लाकडावर बुरशी जास्त. पानं देठासकट न ओरबाडता थोडा देठ ठेवून कापा, म्हणजे कळीला इजा होत नाही.
वाहत्या पाण्याखाली अर्धा तास, मग 70 टक्के इथेनॉलमध्ये 30 सेकंद, मग साधारण एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) ट्वीन-20 या साबणासारख्या द्रव्याचे दोन थेंब टाकून 10 मिनिटं हलवत, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुणं. दोन्ही टोकं ब्लीचने जळालेली असतात, ती लावण्याआधी कापून टाका. एका टेस्टट्यूबमध्ये एकच तुकडा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. एका बाटलीत पाच तुकडे लावून जागा वाचते आणि एका बुरशीने पाचही जातात.
कापलेल्या टोकातून तपकिरी फिनॉल मिडियात उतरताना दिसला तर एक-दोन दिवसांत तुकडा त्याच ट्यूबमध्ये बाजूला सरकवा किंवा नव्या ट्यूबमध्ये टाका. वुडी पिकांत हे चालायचंच.

चंपकलाल_नर्सरी:
छान धागा, वाचनखूण म्हणून साठवला. मी फक्त रोपं विकत घेणारा. एक साधा प्रश्न. टिश्यू कल्चरची रोपं व्हायरसमुक्त असतात ना? विक्रेते तसं सांगतात.

अगारभाऊ:
नाही! हे एकदा ठळक अक्षरांत लिहायला हवं. नोडच्या तुकड्यापासून कल्चर केलं तर मदर प्लांटमधला व्हायरस तसाच बाटलीत येतो आणि एकाचे हजार होताना हजारांत वाटला जातो. टिश्यू कल्चर झाडाच्या प्रती काढतं, चांगल्याच्याही आणि आजारीच्याही.
व्हायरस काढायचा असेल तर मेरिस्टेम (शेंड्यातला वाढता पेशीसमूह) घ्यावं लागतं, अगदी टोकाचं 0.2 ते 0.5 मिमी, मायक्रोस्कोपखाली. व्हायरस तिथवर सहसा पोचत नाही. मॉरेल आणि मार्टिन यांनी 1952 मध्ये डेलियात हे करून दाखवलं. सोबत झाडाला काही आठवडे 37-38 अंशांची उष्णता देतात. एवढं करूनही तपासणी हवीच, एलायझा किंवा पीसीआर या लॅब चाचण्यांनी. ब्लूबेरीत स्कॉर्च, शॉक, शूस्ट्रिंग, रेड रिंगस्पॉट अशी मोठी यादी आहे. काही जाती व्हायरस बाळगूनही वर्षानुवर्षं लक्षणं दाखवत नाहीत, त्यामुळे "झाड तर तजेलदार दिसतंय" याला काही अर्थ नाही.
विक्रेत्याला एवढंच विचारा, मदर प्लांट कशाकशासाठी तपासलं, केव्हा, रिपोर्ट दाखवा. "लॅबचं आहे" हे उत्तर नव्हे.

चंपकलाल_नर्सरी:
हे आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. आणि लॅबच्या रोपाला थंडी कमी लागते असंही ऐकलं, ते?

अगारभाऊ:
तेही नाही. जीन्स तेच, थंडीची गरजही तीच. नॉर्दर्न हायबुशला साधारण 7 अंशांखालचे 800 तास किंवा जास्त लागत असतील तर बाटलीतून आलेल्यालाही तेवढेच लागणार. कमी थंडी हवी तर सदर्न हायबुश किंवा रॅबिटआय अशी जातच बदलावी लागते.

रानवाट:
मधल्या काळात मिडिया बदलला. डब्ल्यूपीएम, झिएटिन, पीएच 5.0. जुन्या कल्चरमधले जे जगले होते ते हलवले आणि नवीन तुकडेही पेट्रीबाईंच्या पद्धतीने लावले. फरक डोळ्यांना दिसतोय. नवी पानं हिरवी येताहेत आणि आडवे निजवलेले कोंब खरंच कंगव्यासारखे फुटलेत. दोन जातींपैकी एक मात्र अजून सुस्त आहे.
आता पुढची चिंता, मुळं. बाटलीतच आयबीए (मुळं आणणारा हार्मोन) देऊन मुळं काढू की बाहेर?

झिएटिनप्रेमी:
सुस्त जातीला अर्धं एमएस आणि अर्धं डब्ल्यूपीएम असं मिश्रण करून बघा. काही जातींना शुद्ध डब्ल्यूपीएम पुरत नाही. या पिकात एका प्रोटोकॉलवर सगळ्या जाती नाचत नाहीत.
मुळं बाहेरच काढा, निःसंशय. बाटलीतली मुळं अगारमध्ये हवेशिवाय वाढलेली, ठिसूळ. उपटताना अर्धी तुटतात आणि उरलेली मातीत काम करत नाहीत, झाड पुन्हा नवीन काढतं. मग दोनदा खर्च कशाला? तीन सेंमीच्या आसपासचा सरळ कोंब घ्या, बुडाला चिकटलेलं अगार पाण्याने पूर्ण धुवा, नाहीतर तिथे बुरशी आलीच म्हणून समजा. लिटरला एक ग्रॅमच्या आसपास आयबीएच्या द्रावणात बूड क्षणभर बुडवा आणि ट्रेमध्ये खोचा. काही जातींना आयबीएचीही गरज लागत नाही.
ट्रेमध्ये पीट आणि परलाइट, किंवा नुसतं बारीक स्फॅग्नम. खत सुरुवातीला नाही. मुळं केसासारखी बारीक येतात, त्यांना इतर झाडांसारखे मूलरोमही नसतात, त्यामुळे माध्यम भुसभुशीत आणि कायम ओलसर हवं, पण चिखल नको. पाहिल्यावर वाटतं एवढ्या धाग्यांवर झुडूप कसं उभं राहणार. राहतं.

पेट्रीबाई:
इथेच सगळ्यात जास्त रोपं मरतात, त्यामुळे थोडं जोडते. बाटलीत आर्द्रता जवळपास शंभर टक्के. पानावर मेणाचा थर धड नाही, पर्णरंध्रं मिटायला शिकलेलीच नाहीत. तसं रोप उघड्यावर ठेवलं तर तासाभरात मान टाकतं. म्हणून ट्रेवर झाकण, सुरुवातीला आर्द्रता 90 टक्क्यांवर, थेट ऊन नाही, तापमान 22 ते 25. मुळं धरली, म्हणजे हलकेच ओढल्यावर रोप विरोध करायला लागलं, की झाकण रोज थोडं उचलायचं. आधी सकाळी थोडा वेळ, मग अर्धा दिवस. बाटलीतली पानं बहुतेक गळतात किंवा वाळतात, ते चालतं. नजर नव्या पानावर ठेवा. नवं पान बाहेरच्या हवेत वाढलेलं, जाडसर आणि चकचकीत आलं की रोप तुमचं.
आणि झाकणाच्या आत हिरवं शेवाळ दिसायला लागलं तर पाणी जास्त होतंय.

शेतमळा:
आता माझ्या हद्दीत आलात. पाणी तपासा. लॅबमध्ये डिस्टिल्ड पाणी वापरून रोप वाढवता आणि बाहेर बोअरच्या जड पाण्याने मारता, हे मी फार बघितलंय. पाण्यातलं बायकार्बोनेट हळूहळू माध्यमाचा पीएच चढवतं, पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, म्हणजे लोह उचलणं बंद. मग लोक फेरस फवारतात. फेरस नको, आधी पाण्याचं आम्लीकरण करा. कोकोपीट वापरणार असाल तर धुऊन, बफर करून घ्या, त्यात सोडियम आणि पोटॅशियम असतं. नायट्रेटची खतं टाळून अमोनियम सल्फेट, तेही अगदी पातळ.

रानवाट:
काका, हे आमच्या हार्डनिंगवाल्या (रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावणाऱ्या) पोरांना वाचून दाखवतो.
चंपकलालांनी खासगीत विचारलंय तेच इथे विचारतो. हवी ती जात लॅबमध्ये वाढवून विकता येते का?

अगारभाऊ:
हवी ती नाही. नव्या जाती बहुतेक संरक्षित आहेत. अमेरिकी प्लांट पेटंट अर्ज केल्यापासून 20 वर्षं चालतं आणि त्या काळात मालकाच्या परवान्याशिवाय कलम, कटिंग, कल्चर काहीही केलं तरी ते उल्लंघनच. प्रत्येक देशाचे जातींच्या हक्कांचे कायदे वेगळे, ते बघून घ्या. 'ब्लूक्रॉप'सारखी 1952 ची जात मोकळी आहे. मदर प्लांट आणताना बिल आणि परवाना फायलीत ठेवा, नुसतं "मित्राकडून आणलं" चालत नाही.
आणखी एक. कोंब बगलेतल्या कळीपासूनच आलेले आहेत याची खात्री ठेवा. बुडाच्या कॅलसमधून उगवणारे कोंब संख्येला छान वाटतात, पण वेगळं झाड निघण्याचा धोका त्यांतच. ते काढून टाका आणि दर ठरावीक फेऱ्यांनंतर मदर प्लांटपासून नवी सुरुवात करा. फरक निघाला तर तो फळं लागल्यावर कळतो, तोवर गिऱ्हाइकाच्या शेतात सगळी लागवड झालेली असते.

रानवाट:
शेवटची शंका. मागणी ऋतूवर अवलंबून, कल्चर मात्र बारा महिने वाढतंय. जास्तीच्या बाटल्यांचं काय करता?

झिएटिनप्रेमी:
फेकू नका. सबकल्चरनंतर नेहमीच्या खोलीत थोडी वाढ धरू द्या, मग 4 अंशांवर अगदी मंद प्रकाशात ठेवा. व्हॅक्सिनियम थंडीचं झाड, ते तिथे महिनोन्‌महिने आरामात राहतं. झाकण घट्ट, नाहीतर मिडिया सुकतो. ओरेगॉनमधल्या कोर्व्हॅलिसच्या अमेरिकी जर्मप्लाझम संग्रहातही (वनस्पतींच्या जाती जपणाऱ्या ठेव्यातही) व्हॅक्सिनियमची कल्चर अशी थंडीत जपून ठेवतात. बाटलीवर जात, मदर प्लांटचा क्रमांक, कितवा फेरा आणि तारीख पेन्सिलने लिहा. मार्करची शाई इथेनॉलने पुसली की उरते नुसती बाटली. बाहेर काढल्यावर पहिला फेरा झिएटिनवर द्या, दुसऱ्या फेऱ्यापासून वेग परत येतो.

रानवाट:
पेन्सिल नोंदवली. सुस्त जात अर्ध्या-अर्ध्या मिश्रणावर आज टाकतोय, आठ आठवड्यांनी इथेच फोटो देतो.

शेतमळा:
फोटोसोबत पाण्याचा रिपोर्टही दे रे.